आधी पाच, मग वीस

सोहार बंदरात, क्रेनच्या पायथ्याशी
लोखंडी पेटीत एक नेटवर्क कार्ड.
त्याचा ड्रायव्हर दिलावर परकारनं लिहिलेला.
श्रीवर्धनचा. नऊ वर्षं काढली इथे,
आता म्हणे सुपारीची बाग बघतो.

त्याचा कोड मी वाचत गेले
दुसरीच्या स्वयंपाकघरात मीठ शोधावं तशी.
सगळं त्या एका प्रोसेसरच्या हाताशी:
चौसष्ट बाइटांच्या कप्प्यात चपखल बसवलेलं,
पुढचं पॅकेट लागायच्या आतच उचलून ठेवलेलं,
आणि मधोमध अकरा ओळी असेंब्लीच्या.
वर टीप: कारण ठाऊक असल्याशिवाय हात लावू नये.
इतका वेगवान कोड मी पाहिला नव्हता.
इतका एकाच घरात दिलेलाही.

जूनमध्ये नव्या पेट्या आल्या.
प्रोसेसर दुसरा, पन्नास अंशांतही पंखा न मागणारा.
खल्फान म्हणाला, नुसता परत बिल्ड कर ना.
अकरा ओळी बाजूला ठेवून साध्या सीमध्ये लिहिल्या.
चालला. टेबलावर तीन दिवस चालला.
मग क्रेनवर चढला, आणि रात्री दोनला
चाळीस फुटी कंटेनर हवेत थांबला,
खाली ट्रकवाला हॉर्नवरून हात काढेना.

नऊ रात्री गेल्या.
जुना प्रोसेसर सांगितल्या क्रमानं लिहायचा:
आधी चिठ्ठी, मग दारावरची घंटा.
नवा चलाख. जे हाताशी ते आधी उरकतो.
लाखात एखाद्या वेळी घंटा वाजायची,
कार्ड धावत दारात,
आणि चिठ्ठी कोरी.
दिलावरनं ‘थांब’ कुठेच लिहिलं नव्हतं.
त्याच्या घरी सगळे रांगेनंच चालायचे.

करक चहा पिताना खल्फानला म्हटलं,
आम्ही पंचवीस म्हणतो. आधी पाच, मग वीस.
आम्हीही, तो म्हणाला, खम्सा व इश्रीन.
आणि तुम्ही उजवीकडून वाचता,
तुम्हाला तर पाच खरंच आधी भेटतो!
दोन्ही प्रोसेसर आपल्यासारखेच, लहान आधी.
पण तारेवर कुणाचंच घरचं चालत नाही,
तिथे मोठ्याला पुढे करायचं, मुकाट्यानं.
तो बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसला.

सगळंच साधं करून पाहिलं.
नव्यावर झकास. जुन्यावर चौदा टक्के मंद,
आणि नऊपैकी सहा क्रेन अजून जुन्याच.
म्हणून अकरा ओळी परत आणल्या,
वेगळ्या फाइलीत, जुन्या प्रोसेसरच्या नावाखाली.
चौसष्ट आता गृहीत धरत नाही, विचारते.
आधी उचलून ठेवणं मोजलं,
नव्यावर कवडीचा फायदा नाही, काढलं.
आणि घंटेच्या आधी एक शब्द: थांब.
जुन्यावर त्याचा अर्थ जवळजवळ काहीच नाही.
नव्यावर तो दारात आडवा उभा राहतो.

फलज अल कबाइलच्या माझ्या फ्लॅटमध्ये
आधीच्या भाडेकरूनं भिंतीच्या मापाचं कपाट केलंय,
मधे पोस्टकार्डही शिरणार नाही.
जाताना त्याला ते नेता आलं नाही.
माझं टेबल घडीचं. हे चौथं घर.
डुगडुगतं. पायाखाली पुठ्ठा घालते,
दर घरात वेगळ्या जाडीचा.

शुक्रवारी दिलावरला फोन लावला.
नाव सांगितलं, ओळख लागेना,
क्रेनचा नंबर सांगितला तेव्हा लागली.
अकरा ओळी आहेत अजून?
आहेत.
आणि थांब कुठे घातलंस?
घंटेच्या आधी.
तो गप्प झाला. मागे कुणीतरी सुपाऱ्या सोलत होतं,
एक टरफल, मग थोडा वेळ, मग एक.
मला वाटलं फोन कटला.
मग म्हणाला, सातव्या ओळीत एक चूक आहे,
कुणालाच सापडली नाही का?